चायनीज हॉटेलात नेमकं मागवायचं काय?

सुरमईप्रेमी: ‘मंचुरियन मागवणाऱ्याला चायनीज कळतच नाही’ ही कालची पोस्ट वाचून डोकं फिरलं. चिकन मंचुरियन मुंबईतच जन्मलं. १९७५ च्या सुमारास क्रिकेट क्लब ऑफ इंडियात नेल्सन वँग यांनी ते केलं. आलं, लसूण, हिरवी मिरची आपलीच, वर सोया सॉस आणि कॉर्नफ्लॉवर. कलकत्त्यात जन्मलेल्या चिनी माणसाने मुंबईच्या जिभेसाठी केलेला पदार्थ मागवायला लाज कसली?

बांबूशूट: पोस्ट माझीच. चौघं मिळून मंचुरियन, चिली चिकन, हॉट गार्लिक आणि शेजवान राइस मागवता. चव एकच, रस्सा एकच! एक वाफवलेला मासा, एक परतलेली पालेभाजी, एक झणझणीत आणि स्टीम राइस घ्या, मधे ठेवून वाटून खा. आणि ज्या चीनमधल्या सिचुआन प्रांतावरून ‘शेजवान’ नाव आलं, तिथली जीभ बधिर करणारी मिरी त्यात असते का? ती आपल्या तिरफळाच्या कुळातली.

रविवारची_सुट्टी: स्टीम राइस घरी रोज शिजतो. बाबांच्या पगाराच्या दिवशी आम्ही पाच जण एक ट्रिपल शेजवान वाटून खायचो. तेव्हा कुणी परीक्षा घेतली नाही.

डबेवाली_आई: हे सगळं सोडा. आधी ‘अजिनोमोटो नको’ सांगा. माझं डोकं दुखतं.

सुरमईप्रेमी: त्यातलं चव देणारं ग्लुटामेट १९०८ मध्ये जपानचे रसायनशास्त्रज्ञ इकेदा यांनी कोम्बू या समुद्री वनस्पतीतून काढलं. तेच ग्लुटामेट टोमॅटोतही असतं.

डबेवाली_आई: टोमॅटोने दुखत नाही. माझं डोकं मला कळतं, मला शिकवू नका.

बांबूशूट: फ्लेवरवाले वेफर्स खाताना पाकीट वाचता?

डबेवाली_आई: वाचते! मुलांना देतही नाही. घरात या एकदा, डबे उघडून दाखवते.

रविवारची_सुट्टी: भांडण अजिनोमोटोचं नव्हतं हो.

बांबूशूट: बरं, ‘कळतच नाही’ हे मी चुकीचं लिहिलं, मागे घेतो. पण एकदा अख्खा मासा मागवा. वर आल्याच्या काड्या आणि कांद्याची पात, त्यावर कडकडीत तेल ओतलं की चर्र होतं, वास टेबलभर पसरतो. पहिल्यांदा खाल्ला तेव्हा आम्ही सगळे गप्प झालो होतो.

सुरमईप्रेमी: मासा म्हणालात म्हणून ऐकतो. मंचुरियन मात्र राहणार, तेही ड्राय.