स्पीकर म्हणजे काय दुधाची पिशवी आहे?

वायरवाला

परवा 'साउंडबार कोणता घ्यावा' या धाग्यावर एका सदस्यानं लिहिलं : "मोबाइल दर चार वर्षांनी बदलता ना? मग वायफाय स्पीकर दहा वर्षांनी बंद पडला तर रडारड कशाला? भंगारात द्या, नवीन घ्या." तिथे उत्तर लिहायला बसलो, ते मारुतीच्या शेपटासारखं वाढत गेलं, म्हणून हा वेगळा धागा.

मोबाइलशी तुलनाच खटकली. मोबाइलची बॅटरी मरते, काच फुटते. स्पीकरमध्ये झिजण्यासारखं आहे काय? एक कोन, एक कॉइल, एक लोहचुंबक. वडिलांनी १९८४ साली मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून ड्रायव्हर, म्हणजे स्पीकरचे नुसते आतले भोंगे, आणून सुताराकडून सागवानी खोकी करून घेतली होती. मधे एकदा कोनाची फोमची कड भुगा होऊन पडली, ती एका कारागिरानं चारशे रुपयांत बदलून दिली. आज सकाळीही त्यावरच भूप ऐकला. त्या खोक्यांनी मला आजवर पासवर्ड विचारलेला नाही.

आता वायफायवाल्यांचे प्रताप बघा. स्क्वीझबॉक्स, नेटवर्कवरून गाणी वाजवणारा डबा : लॉजिटेकनं २००६ मध्ये तो बनवणारी कंपनी घेतली, २०१२ मध्ये माल बंद. क्रोमकास्ट ऑडिओ : गूगलची ३५ डॉलरची चकती, जुन्या अँप्लिफायरला लावा की वायफायवरून गाणी सुरू. २०१५ ला आली, जानेवारी २०१९ मध्ये संपली. त्यावर मार्च २०२५ मध्ये कहर, आतल्या ओळख पटवणाऱ्या सर्टिफिकेटची मुदत संपली आणि एका सकाळी जगभरातल्या चकत्या 'ओळख पटत नाही' म्हणून हटून बसल्या. दुरुस्ती काही दिवसांत आली, पण वैतागून ज्यांनी फॅक्टरी रीसेट मारला ते आणखी खोलात गेले. सोनोस या स्पीकर कंपनीनं मे २०२४ मध्ये ॲप नव्यानं लिहिलं तर अलार्म आणि स्लीप टायमरच गायब. पुढच्या जानेवारीत सीईओ घरी गेला. आणि आता बोसचे साउंडटच हे वायफाय स्पीकर.

म्हणणं एवढंच, की तीस वर्षं टिकणाऱ्या वस्तूच्या पोटात दहा वर्षांत नासणारा भाग शिवून विकायचा असेल तर खोक्यावर तारीख छापा. दुधाच्या पिशवीवर छापतातच ना?

अपग्रेडपंत

ते वाक्य माझं. नाव घेऊन लिहिलं असतंत तरी चाललं असतं.

साउंडटच २०१३ चा. बोसनं ऑक्टोबर २०२५ मध्ये सांगितलं की क्लाउड, म्हणजे त्यांच्याकडचे सर्व्हर, बंद करतोय. म्हणजे बारा वर्षं चालला. बंद झाल्यावरही ऑक्स (वायर लावायचं भोक) चालतंय, ब्लूटूथ चालतंय. कुणी हातोडा घेऊन तुमच्या दिवाणखान्यात आलेलं नाही. बारा वर्षांपूर्वीच्या एकरकमी पैशात आजन्म सर्व्हर कोण चालवणार? तुमचे वडील?

मी याच धंद्यात आहे. एका जुन्या उपकरणाच्या सपोर्ट टीममध्ये शेवटी दोघं उरलो होतो. गाण्यांच्या सेवेनं त्यांच्या बाजूनं काही बदललं की आम्ही रात्र रात्र जागायचो, कारण चिपमध्ये नवीन काही ठेवायला जागाच उरली नव्हती. एक ओळ घालायची तर एक काढायची. शिव्या मात्र आम्हालाच. जुनं, दुरुस्त न होणारं यंत्र घरच्या नेटवर्कवर ठेवणं हा धोका असतो हेही जरा लिहा की.

वायरवाला

माझ्या वडिलांना यात ओढायची गरज नव्हती. ते गेले २०११ मध्ये. त्यांचे स्पीकर चालू आहेत, तुमचा सर्व्हर बंद आहे.

अपग्रेडपंत

माफ करा. ते वाक्य मागे घेतो. बाकीची मागे घेत नाही.

एडिसनकर

वायरवाले, यादी निवडून केलीत. एअरपोर्ट एक्सप्रेस का नाही त्यात? जुन्या स्पीकरला लावायची ही वायफाय डबी ॲपलनं २००४ मध्ये आणली, तेव्हा एअरप्लेला (बिनवायरी गाणी पाठवायच्या सोयीला) एअरट्यून्स म्हणत. एप्रिल २०१८ मध्ये विक्री बंद केली आणि त्याच ऑगस्टमध्ये २०१२ च्या मॉडेलला एअरप्ले २ देऊन टाकलं. मेलेल्या मालाला नवीन फीचर! माझ्याकडे अजून आहे, तळघरात रविवारी नाट्यसंगीत लावतो. कंपनीनं मनात आणलं तर होतं.

(न्यू जर्सीतल्या आमच्या एडिसन गावातच मेन्लो पार्क आहे, १८७७ मधला एडिसनचा फोनोग्राफ तिथलाच. तेव्हा या विषयावर बोलायचा आमचा वडिलोपार्जित हक्क आहे.)

मिठाचा_खडा

एक उदाहरण, तेही चौदा वर्षांपूर्वीच्या यंत्राचं. आणि हक्क वडिलोपार्जित, घर भाड्याचं.

सोल्डरिंग_गन

कंपन्यांच्या नादी लागूच नका. रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक घ्या, वर डॅक (डिजिटलचा आवाज करणारी पट्टी) बसवा, शेअरपोर्ट-सिंक हे सॉफ्टवेअर टाका, एअरप्ले तयार. चार खोल्यांत एकाच ठेक्यात हवं तर स्नॅपकास्ट हे सॉफ्टवेअर. आणि वायरवाले, स्क्वीझबॉक्स 'संपला' हे अर्धसत्य आहे. त्याचा सर्व्हर मुक्त सॉफ्टवेअर होता, आज लिरियन नावानं लोकच चालवतात. २०२४ मध्ये लॉजिटेकनं त्यांची ऑनलाइन सेवा बंद केली तरी माझ्या घरी एका सुरानंही फरक पडला नाही. बोसनंही आरडाओरड झाल्यावर तारीख फेब्रुवारी २०२६ वरून मेवर ढकलली आणि एपीआयची, म्हणजे बाहेरच्या सॉफ्टवेअरनं स्पीकरशी कसं बोलायचं त्याची, कागदपत्रं खुली केली. कुलपाची किल्ली देऊन जा, मग खुशाल जा.

पेटंटचा मुद्दा कुणी काढला नाही याचं नवल. जानेवारी २०२२ मध्ये सोनोस-गूगल भांडणात निकाल सोनोसच्या बाजूनं लागला आणि गूगलनं विकून झालेल्या स्पीकरांतून सगळ्यांचा आवाज एकदम कमी-जास्त करायची सोय काढून घेतली. पैसे भरलेलं गिऱ्हाईक प्रत्येक खोलीत जाऊन आवाज कमी करतंय! पुढे २०२३ मध्ये ज्यूरीनं सोनोसला ३ कोटी २५ लाख डॉलर दिले, न्यायाधीशानं ते उलटवले, सोय परत आली. आपल्याला कुणी विचारलं? बंद पडणं परवडलं, पण घरात ठेवलेल्या वस्तूतून रात्रीत काहीतरी काढून नेणं याला मराठीत वेगळा शब्द आहे.

सायली_नाशिक

दादा, तुमचं खरं असेल, पण माझ्या आईला टर्मिनल उघडून कमांड टाइप करायला लावू का? ती एकाहत्तर वर्षांची आहे.

तिच्यासाठी बोलका स्पीकर आणला. 'अभंग लाव' म्हटलं की तो भांगडा लावायचा. आई आधी हसायची, मग चिडायची, मग इंग्रजाच्या थाटात 'ऑबॅंग' म्हणायला शिकली. तेव्हा लागायला लागले. आषाढी एकादशीला पहाटे साडेपाच वाजता माझी आई स्वयंपाकघरात उभी राहून साहेबी उच्चारात विठ्ठलाला हाका मारतेय, हे दृश्य मी विसरणार नाही. मग राउटर बदलला, नवीन राउटरशी स्पीकरचं जुळेना, मी बंगळुरात. तिनं त्यावर पेला उपडा घातला, फुलपात्रासारखा. शेवटी भावानं सारेगामाचं मराठी कारवां आणून दिलं. बटण दाबलं की गाणं. वायफाय नाही, खातं नाही. विषय संपला.

रात्रीची_सभा

सायलीताई, कारवां असो की वायफाय, मला एक सांगा, कवीचं नाव कुठे दिसतं?

अवांतर आहे, पण आता लिहूनच टाकतो. आकाशवाणीवर गाणं संपलं की निवेदिका सांगायची : गीत अमुक, संगीत तमुक, गायिका ह्या. आम्ही शाळेत न शिकलेले कवी असे शिकलो. आता पडद्यावर एकच रकाना, 'आर्टिस्ट'. माझ्या ॲपमध्ये गीतरामायण शोधलं तर माडगूळकरांचं नावच नाही! छप्पन्न गीतं, १९५५ पासून पुणे केंद्रावरून दर आठवड्याला एक, अख्खा महाराष्ट्र रेडिओला हार घालून ऐकायचा, आणि लिहिणारा बेपत्ता. तुमचे स्पीकर चालोत की बंद पडोत, त्यातून वाहणारा माल असा बिनबापाचा असेल तर काय उपयोग?

एडिसनकर

सहमत. माझ्याकडे तर एका भावगीताच्या नावापुढे 'व्हेरियस आर्टिस्ट्स, भक्ती, २०१९' असं होतं. गाणं साठच्या दशकातलं, भक्तीचा संबंध इतकाच की नायिकेचं नाव भक्तिभावानं घेतलंय.

अपग्रेडपंत

रेकॉर्ड कंपनी जी माहिती भरून पाठवते तीच ॲप दाखवतं. स्ट्रीमिंगला का झोडपताय? आणि गीतरामायण बहुतेकांनी बाबूजींच्याच (सुधीर फडक्यांच्या) आवाजात ऐकलंय, तर त्यांचं नाव येणारच.

रात्रीची_सभा

येणारच? मूळ प्रसारणात माणिक वर्मा होत्या, वसंतराव देशपांडे होते, ललिता फडके होत्या, लता मंगेशकर होत्या. बाबूजींचं नाव नको असं मी कुठे म्हटलं? संगीतच त्यांचं. पण शब्द आभाळातून पडले काय? तुम्हाला 'बहुतेकांनी' पुरत असेल, आम्हाला नाही पुरत. सॉफ्टवेअरवाल्यांनी एक रकाना घालायचा तर यांच्या चिपमध्ये जागा नाही म्हणे!

अपग्रेडपंत

काका, चिपचं मी स्पीकरबद्दल बोललो होतो, ॲपबद्दल नाही. वाचा तरी नीट.

रात्रीची_सभा

चाळीस वर्षं प्रूफं वाचली आहेत, वाचता येतं मला. उर्मटपणा मात्र न वाचताही कळतो.

मिठाचा_खडा

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

सोल्डरिंग_गन

काका, रकाना जुनाच आहे. एमपीथ्रीच्या टॅगमध्ये गीतकाराची जागा कधीपासून आहे, कुणी भरत नाही. मी माझ्या चार हजार फायलींत स्वतः भरली, दोन पावसाळे गेले. सीडीच्या आतल्या पत्रिका भिंगातून वाचल्या, जिथे सापडलं नाही तिथे आईला फोन केला. आता माझ्या लिरियनवर 'कवी' अशी वेगळी यादी येते. बा. भ. बोरकर म्हटलं की सगळी गाणी ओळीनं, गायक कुणीही असो. हे स्ट्रीमिंगच्या भाड्याच्या गाण्यांवर करून दाखवा.

सायली_नाशिक

'आईला फोन केला' हे आवडलं. माझ्या आईला करत जा, तिला संगीतकारही पाठ आहेत.

रात्रीची_सभा

गन साहेब, दंडवत. आणि हा नुसता मानाचा प्रश्न नाही. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीपासून गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा करारानंही काढून घेता येत नाही. पण नोंदीत नावच नसेल तर वाटा पोचणार कुणाला? माझ्या ओळखीत एका कवीच्या बाई आहेत, हयात. नवऱ्याचं गाणं लग्नाच्या हॉलमध्ये ऐकून येतात आणि मला फोनवर सांगतात, आज ह्यांचं लागलं होतं. मिळत काही नाही.

अपग्रेडपंत

हे माहीत नव्हतं. उर्मटपणाबद्दल सॉरी काका. बिघाड तरीही रेकॉर्ड कंपनीच्या नोंदीत आहे, ॲपमध्ये नाही, हे माझं मत कायम.

वायरवाला

धागा माझा होता असं अंधुक आठवतंय.

एडिसनकर, एअरपोर्ट एक्सप्रेसचं मान्य. मुद्दाम गाळलं नव्हतं, सोयीस्करपणे आठवलं नव्हतं. पण ते माझ्याच बाजूचं आहे, कारण ती डबी वेगळी होती. ती मेली तर डबी फेकायची, स्पीकर जागेवर. पंत, तुमच्या त्या दोन माणसांच्या टीमबद्दल वाईट वाटलं. तरीही म्हणतो, नासणारा भाग बाहेर ठेवा आणि मधे एक साधी वायर द्या. ऑक्सचं भोकसुद्धा आता नव्या मॉडेलांतून काढायला लागलेत, त्यावर तुम्ही बोलला नाहीत.

अपग्रेडपंत

ऑक्स काढणं मलाही पटत नाही. झालं समाधान? आमच्या मीटिंगमध्ये मी विरोधात बोललो होतो, पन्नास पैशांचा सुटा भाग वाचवला म्हणून वरच्याला शाबासकी मिळाली.

पण वायरीचं कौतुक तुमच्या स्वतःच्या घरात. मी भाड्यानं राहतो. मालक भिंतीला खिळा ठोकू देत नाही, तीन खोल्यांतून वायर कुठून फिरवू, जमिनीवरून? मुलगा रांगतोय. वायफाय स्पीकर हौसेनं नाही घेतले मी.

सायली_नाशिक

पण मग बारा वर्षांनी ते फेकणार की नाही? तुमचेच.

अपग्रेडपंत

सात वर्षं झालीत. एकाचं ॲप गेल्या महिन्यापासून 'लवकरच बंद होत आहे' अशी पट्टी दाखवतंय. बायकोनं हा धागा वाचलाय, जेवताना मला माझंच वाक्य ऐकवलं.

वायरवाले, सासऱ्यांकडे माळ्यावर जुने मोठे स्पीकर पडलेत, कोनाच्या कडा भुगा झाल्यात. तो चारशे रुपयेवाला कारागीर अजून असेल तर पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. इथे नको.