शब्दचर्चा: हरणाचं कातडं सोलायचं, उतरवायचं की सोडवायचं?

शेवग्याची शेंग:
एका माहितीपटाची मराठी उपशीर्षकं करतेय. अमेरिकेतलं विस्कॉन्सिन, नोव्हेंबरातला नऊ दिवसांचा बंदुकीच्या शिकारीचा हंगाम, पांढऱ्या शेपटीचं हरीण. एक बाई भिंतीवर लावायच्या मुंडीसाठी त्याचं कातडं काढतात आणि हात चालू ठेवून समजावत जातात. मी तीन जागी अडलेय. ‘अँटलर’ला, म्हणजे हरणाच्या फाटे फुटलेल्या शिंगाला, नुसतं शिंग म्हणू? ‘केप’ला, म्हणजे खांद्यामागून नाकापर्यंतच्या अख्ख्या कातड्याला, काय म्हणू? आणि क्रियापद कोणतं? मी ‘सोलणे’ लिहिलं तर संपादक विचारतात, केळं आहे का ते?

कासराभर:
संपादकांना एकदा मटणाच्या दुकानात पाठवा. आमचं दुकान आहे म्हणून सांगतो, बोकड सोलतातच. सुरी लागते ती सुरुवातीला, पायांशी नि पोटाशी. पुढचं काम मुठीचं. कातडं आणि मांस यांच्यामध्ये मूठ सारत गेलं की मधला पांढरा पापुद्रा सुटत जातो. सुरी जास्त चालवली की कातड्याला भोक पडलंच, आणि भोक पडलं की भाव गेला. ‘उतरवणे’ सोज्वळ वाटतं खरं, पण आमच्याकडे कोणी म्हणत नाही.

शेवग्याची शेंग:
मूठ इथेही आहे! पण बाकी सगळं उलटं. या बाई गळ्याला सुरी लावूच देत नाहीत, कारण भिंतीवर गळाच समोर दिसतो. खांद्यांच्या मागे धडाभोवती गोल काप, मग मानेच्या पाठीवरून सरळ वर, आणि शेवटी दोन शिंगांच्या बुडाकडे दोन फाटे. शिवण मागच्या केसांत लपते. मानेपर्यंत ‘सोलणे’ शोभतं, पुढे नाही. कान आतून मोकळे करून मोज्यासारखे उलटे काढतात. पापण्या, ओठांची आतली कड, डोळ्याखालचा तो अश्रूंचा खळगा, सगळं टोकाच्या छोट्या पात्याने, सावकाश. शिंगाच्या बुडाशी कातडं इतकं घट्ट की तिथे स्क्रूड्रायव्हर घालून उचकटतात.

पाणकावळा:
मग तोंडाकडे ‘सोडवणे’ लिहा. कान सोडवले, ओठ सोडवले. गुंता सोडवतानाची सावकाशी त्यात आपोआप येते.
‘केप’ला ‘खोळ’ कशी वाटते? एकावरून काढायची, दुसऱ्यावर चढवायची. इथे तेच होतं ना? कातडं कमावून झालं की फोमच्या तयार साच्यावर चढवतात, आणि शिंगं कवटीच्या वरच्या तुकड्यासकट करवतीने कापून त्या साच्यावर बसवतात.
मीठ चोळतात त्याला मात्र नवा शब्द शोधू नका. ‘खारवणे’ आहे. मासे खारवतो तसं कातडं खारवायचं. मीठ वेळेवर लागलं नाही तर केस झुबक्याने हातात येतात.

उगाच एक:
खोळ म्हटलं की मला गादी दिसते. पण ‘स्कंधचर्म’ वाचण्यापेक्षा गादी बरी.

बारा टोकं:
शिंगाबद्दल. गवा, काळवीट, चौशिंगा यांचं शिंग म्हणजे आत हाड आणि वर नखासारख्या द्रव्याचं टोपण, जन्मभराची सोबत. सांबर, चितळ, भेकर यांचं शिंग म्हणजे भरीव हाड. दरवर्षी गळतं, पुन्हा मखमली कातडीखाली वाढतं. मराठीने दोघांना एकच शब्द दिलाय आणि फरक क्रियापदावर सोडलाय. ‘सांबराने शिंगं टाकली’ म्हणतात, गव्याने टाकली असं कोणी म्हणणार नाही.
गंमत नावांत आहे. चौशिंग्याला खरोखर चार शिंगं असतात. बारशिंग्याला मात्र दोनच, त्यांना मिळून बाराएक टोकं. म्हणजे नाव ठेवणाऱ्याने टोकालाच शिंग म्हटलं! विस्कॉन्सिनकडचे शिकारीही दोन्हीकडची टोकं एकत्र मोजतात, तेव्हा ‘आठ टोकांचा नर’ खुशाल लिहा. आपल्या सांबराला बहुधा एका बाजूला तीन, म्हणजे सहा. ‘गळशिंग’ असा शब्द कोणीतरी सुचवेलच, त्याआधीच हात जोडतो.

उगाच एक:
सुचवणारच होतो.
आजीच्या डब्यात सांबरशिंगाचा तुकडा असायचा. छातीत दुखलं की सहाणेवर उगाळून लेप. आम्ही त्याला कधी हाड म्हटलं नाही.

पाणकावळा:
‘पेंढा भरलेलं हरीण’ असं शीर्षकात टाकू नका, आत फोम आहे. गावाकडे रेडकू मेलं की त्याच्या कातड्यात पेंढा भरून म्हशीपुढे उभं करायचे, पान्हा सोडावा म्हणून. तो खरा पेंढा. म्हैसूरच्या व्हॅन इन्गन कारखान्यातले वाघही कागदाच्या लगद्याच्या साच्यावर चढवलेले असत, तरी मराठीत ते पेंढा भरलेलेच राहिले. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात १९९१ ला दुरुस्ती झाली, शिकारीचे परवाने संपले आणि आपल्याकडे हे शब्द वापरायची वेळच राहिली नाही. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात २००९ पासून प्राण्यांची कातडी अशी साच्यावर चढवून जतन करायचं केंद्र आहे, तिथे आपसूक मेलेले प्राणी येतात. या कामाला सगळे ‘टॅक्सीडर्मी’च म्हणतात. तुम्हीही म्हणा.

कासराभर:
एक राहिलं. पहिल्याच ओळीत तुम्ही भिंतीवर ‘मुंडी’ लावलीत. मुंडी आमच्याकडे किलोवर नाही, नगावर मिळते आणि रश्श्यात जाते. भिंतीवर डोकं लावा.

शेवग्याची शेंग:
अरे देवा. सहाव्या मिनिटाला, अकराव्या मिनिटाला आणि शीर्षकात. बदलते.