सिगारेट, साखर, सीटबेल्ट: सरकारने कुठवर लुडबुड करायची?

उंटावरचा_शहाणा
मी काय प्यावं, गाडीत पट्टा लावावा की नाही, हे सांगणारं सरकार कोण? आजारी पडलो तर औषधपाण्याचा खर्च माझाच. साथ आली की लस द्या, दवाखाने चालवा, एवढं पुरे नाही का? भांडायला विचारत नाहीये, मत बदलायची तयारी आहे. (थोडीफार.)

क्लोरीनवाला
हयात पाणीपुरवठ्यात गेली, त्यामुळे माझं उत्तर नळापासूनच सुरू होणार. आमचा माणूस टाकीपासून सगळ्यात लांबच्या नळावर जायचा, परीक्षानळीत पाणी धरायचा आणि ऑर्थोटोलिडिन या रसायनाचे थेंब टाकायचा. पिवळसर झाक आली तर जंतू मारणारं क्लोरीन शिल्लक आहे. लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम हवं. झाक आलीच नाही तर फोनाफोनी, कारण वाटेत कुठेतरी गळक्या पाइपात गटार शिरलेलं असू शकतं. आता सांगा, हे घरोघरी कोण करणार?

पेट्रोलमधल्या विषारी शिशाचंही तेच. मोटारींसाठी असं पेट्रोल विकणारा शेवटचा देश अल्जीरिया. तिथे ते २०२१ मध्ये थांबलं. तोवर रस्त्यावरच्या पोरांनी कुठली हवा निवडायची होती?

दोन_पोरांची_आई
गोवर रोखायला शंभरातल्या ९५ जणांना लस लागते. तान्ह्या बाळाला ती देताच येत नाही, त्याची भिस्त बाकीच्यांवर. नुसतं ‘लस द्या’ म्हणून कसं भागेल?

आडवा_तिडवा
सरकारला एवढं डोक्यावर घेऊ नका. १८५४ साली लंडनमध्ये कॉलऱ्याच्या साथीत, रोग पाण्यातून पसरतो म्हणणाऱ्या डॉक्टर जॉन स्नोच्या सांगण्यावरून ब्रॉड स्ट्रीटवरच्या पाण्याच्या पंपाचा दांडा काढला खरा, पण साथ ओसरल्यावर अधिकाऱ्यांनी तो परत बसवला. १८५८ मध्ये घाणीने भरलेल्या थेम्स नदीचा वास थेट संसदेत शिरला, तेव्हा कुठे गटारांचा कायदा झाला.

क्लोरीनवाला
कबूल. त्यातही गंमत अशी की रोग दुर्गंधीनेच होतो अशीच तेव्हा बहुतेकांची समजूत होती. कारण चुकीचं, पण गटारं झाली आणि कॉलरा हटला!

साखरेचं म्हणाल तर ब्रिटनने २०१८ पासून शीतपेयांवर कर लावला. १०० मिलिलिटरला ५ ग्रॅमपेक्षा कमी साखर असेल तर माफ. कर येणार हे २०१६ लाच जाहीर झाल्यामुळे बऱ्याच कंपन्यांनी आधीच साखर उतरवली. पिणाऱ्याचा हात कुणी धरला नाही. सरकारने शक्यतो असंच कारखान्याच्या दारात उभं राहावं, स्वयंपाकघरात येऊ नये, असं माझं मत. पट्टा यात बसत नाही, हे मान्य. पण गाडी आदळली की मागचा बिनपट्ट्याचा माणूस पुढच्याच्या पाठीवर जातो, तेव्हा तोही निव्वळ तुमचा खासगी मामला उरत नाही.

उंटावरचा_शहाणा
पट्ट्याचं पटलं. साखरेवर मात्र अडून बसलोय, कर शेवटी गिऱ्हाइकाच्याच बोकांडी बसतो. बाकी त्या क्लोरीनच्या नोंदी लोकांना बघायला मिळतात का हो?

क्लोरीनवाला
मिळायलाच हव्यात. मागा.