ग्रामपंचायतीत फायबर आलंय पण घरात नेट नाही, सरकारी पैसा नक्की कुठवर येतो?

सुरगाणेकर:
मंडळी, गाव सुरगाणा तालुक्यात, मी कामाला सातपूर एमआयडीसीत. गावात ग्रामपंचायतीपर्यंत भारतनेटची, म्हणजे गावोगाव फायबर नेट न्यायच्या केंद्राच्या योजनेची, केबल आलीय, भिंतीवर नेटचा डबा पण ठोकलाय, पण त्यावर हिरवा दिवा लागलेला कोणी बघितला नाही. बहिणीला शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायचा तर टेकडावर चढायचं आणि ओटीपी येईस्तोवर साईटने बाहेर काढलेलं असतं. सरपंच म्हणतात वरून आलं नाही, वरचे म्हणतात खाली दिलंय. योजनेत घरापर्यंत लाईन आहे का नाही? आणि हा पैसा येतो कुठून?

केबलवाला_पंचवटी:
पैसा तुझ्यामाझ्या रिचार्जमधूनच येतो भाऊ. टेलिकॉम कंपन्यांच्या एजीआरवर, म्हणजे सरकार हिशोबाला धरतं त्या कमाईवर, ५ टक्के लेव्ही लागते ती एका फंडात जाते, आधी यूएसओ फंड म्हणायचे, २०२३ च्या टेलिकॉम कायद्यात त्याचं डिजिटल भारत निधी झालं. योजना २०११ ला मंजूर झाली तेव्हा फायबर फक्त ग्रामपंचायतीपर्यंत न्यायचं ठरलेलं, पुढचं कोणीतरी धंदेवाला बघेल असं धरलेलं. आता डोंगरातल्या पाड्यावर घरं पांगलेली, तिथे खांब रोवायला कोण जाणार? इकडे एका बिल्डिंगमध्ये तेवढी कनेक्शनं निघतात.

नाना_पेठ:
आणि ज्या गावांत चालू झालं तिथेही टिकत नाही ना भो. तालुक्यावरून केबल निघते ती एका ओळीत गावं घेत जाते, घाटात रस्त्याच्या कामाला जेसीबीने तोडली की पुढची सगळी गावं आंधळी. ऑगस्ट २०२३ ला जो सुधारित कार्यक्रम मंजूर झाला, १,३९,५७९ कोटींचा, त्यात रिंग करायची म्हणतात म्हणजे एकीकडून तुटली तरी दुसरीकडून चालेल, शिवाय १० वर्षांची देखभाल आणि दीड कोटी घरांना कनेक्शन पण त्यातच धरलंय. देखभाल खरंच झाली तर मी मानेन, खोदायला पैसा नेहमीच मिळतो.

दिंडोरीची_ताई:
दादा, आधी डब्याला करंट आहे का ते बघा. आमच्याकडे ग्रामपंचायतीचं लाईटबिल थकलेलं, मीटरच काढून नेलेलं, आणि लोक नेटला शिव्या घालत बसलेले 😄 करंट असूनही बंद असेल तर ग्रामसभेत ठराव घ्या, त्याची प्रत जोडून बीडीओंना अर्ज द्या आणि पोच घ्या. तरी हलले नाहीत तर माहिती अधिकारात विचारा, १० रुपये फी: लाईन चालू कधी दाखवलीय आणि देखभाल कोणाकडे आहे. कागदावर बहुतेक चालूच असेल बघा.

सुरगाणेकर:
ताई, आत्ताच चुलत्याला फोन करून बघायला लावलं. डब्याचा प्लग काढून तिथे प्रिंटर लावलाय म्हणे 🤦 लावून बघा म्हटलं तर ऑफिसची चावी शिपायाकडे आणि शिपाई लग्नाला, उद्या कळवतो.