जेआरएफ आणि आधीची फेलोशिप, दोन्ही चालतात का?

प्रश्न: नेट परीक्षेत जेआरएफ (ज्युनिअर रिसर्च फेलोशिप, पीएचडी करताना दरमहा मिळणारे पैसे) निघाली, पीएचडीला अ‍ॅडमिशन पण झालं, पण आधीपासून राज्य सरकारची फेलोशिप चालू आहे. दोन्ही घेता येतील का? जॉइनिंग रिपोर्ट द्यायचाय, काही सुचत नाहीये.

उत्तर १: नाही रे, एका वेळी एकच. आधीची लेखी सोड, ते पत्र जपून ठेव आणि मगच जॉइन हो. जेआरएफचे महिना ३७,००० अधिक एचआरए (घरभाडे भत्ता), २ वर्षांनी एसआरएफ (सीनियर रिसर्च फेलोशिप) झाली की ४२,०००, माझ्या मते हीच घे.

उत्तर २: आणि तुझं संशोधन चालू आहे असं दर महिन्याचं कन्फर्मेशन विद्यापीठातून जातंय ना ते स्वतः बघत जा, आमच्याकडचे क्लार्क रजेवर गेले आणि माझे ३ महिने पैसेच आले नाहीत, खोलीचं भाडं मैत्रिणीने भरलं तेव्हा.