झिजलेला लेथ: आधी बेड दुरुस्त करावा, की आधी कामाला लावावा?

मूळ मांडणी

घरच्या कार्यशाळेसाठी जुना लेथ, म्हणजे जॉब (घडवायचा धातूचा तुकडा) फिरवत टूलने कापणारे यंत्र, आणला की पहिली चिंता बेडच्या, म्हणजे त्याच्या लांब पायाभूत मार्गांच्या, झिजेची असते. आखूड जॉबच जास्त होत असल्यामुळे सॅडल (बेडवर सरकणारा, टूल वाहून नेणारा भाग) चकजवळच्या (जॉब पकडणाऱ्या भागाजवळच्या) पट्ट्यात सतत मागेपुढे होते आणि बेड तिथेच सर्वाधिक झिजतो. म्हणून त्या जागी गिब (सॅडलची सैलता घालवणारी पट्टी) नीट आवळली, तर टेलस्टॉकच्या (जॉबच्या दुसऱ्या टोकाला आधार देणाऱ्या भागाच्या) बाजूला सॅडल अडकते. हे लक्षात येताच मशीन उलगडले जाते आणि पुढे त्याचे सुटे भाग कपाटात पडून राहतात. माझे स्पष्ट मत आहे की बेडला हात लावण्याआधी लेथ चालवून पाहावा. बेड खाली झिजल्याने टूल 0.1 मिलिमीटर खाली गेले, तरी 40 मिलिमीटर व्यासाच्या जॉबवर त्यामुळे पडणारा फरक जेमतेम अर्धा मायक्रॉन असतो, कारण टूल तिथे परिघाच्या स्पर्शरेषेत सरकते. एवढ्याशा फरकासाठी संपूर्ण बेड घासायला काढणे मला पटत नाही.

प्रतिसाद १

आपले गणित बरोबर आहे, पण बेडची पुढची आणि मागची बाजू सारखीच खाली जाते हे त्यामागचे गृहीत चुकीचे आहे. कापाचा दाब पुढच्या बाजूवर अधिक येत असल्याने पुढचा व्ही-मार्ग (सॅडल ज्यावर सरकते तो कामगाराकडचा व्ही आकाराचा कंगोरा) मागच्या सपाट मार्गापेक्षा जास्त झिजतो आणि सॅडल पुढे कलते. दोन मार्गांमधले अंतर आणि बेडपासून सेंटरची (जॉब ज्या अक्षाभोवती फिरतो त्याची) उंची साधारण सारखी धरली, तर पुढची बाजू 0.1 मिलिमीटर बसल्यावर टूलचे टोक जवळजवळ तेवढेच कामगाराच्या दिशेने, म्हणजे जॉबपासून दूर, सरकते. आणि आडव्या दिशेतला फरक व्यासावर दुप्पट उमटतो. आपला अर्धा मायक्रॉन इथे 0.2 मिलिमीटर होतो. बेअरिंग बसवायचा शाफ्ट अशा मशीनवर कसा करणार? बेड हा लेथचा पाया आहे. तो सरळ केल्याशिवाय बाकीची दुरुस्ती अर्थहीन आहे, असे मी ठामपणे म्हणतो.

प्रतिसाद २

दोन्ही बाजू झिजेवर बोलत आहेत, पण ती झीजच आहे हे कोणी तपासले? बेडला पीळ पडला असेल तरी जॉब निमुळता येतो, आणि पीळ तर फक्त पायाखालचे बोल्ट नीट न बसवल्यानेही पडतो. जाडसर सळईवर दोन टोकांना दोन कॉलर (जाड कडी) ठेवून, टेलस्टॉकचा आधार न देता, टूलची सेटिंग न बदलता दोन्हींवर हलका काप घ्यावा आणि मायक्रोमीटरने मोजावे. व्यासात फरक आला तर आधी टेलस्टॉककडच्या पायांखाली शिम (पातळ पत्रा) घालून पाहावे. ही एक चाचणी केल्याशिवाय स्क्रेपर (बेड हाताने घासण्याचे हत्यार) हातात घेऊच नये.

आणि त्याही आधी वायरिंग, अर्थिंग आणि आपत्कालीन स्विच पाहावा. याबद्दल दुमत नसावे.

प्रतिसाद ३

मी स्क्रेपिंगच्या विरोधात नाही, पण पहिल्या प्रतिसादात ज्या सहजतेने 'बेड सरळ करा' म्हटले आहे, त्याला माझा आक्षेप आहे. हाताने स्क्रेपिंग करताना एका फेरीत काही मायक्रॉनच धातू निघतो, शिवाय निळा रंग लावून उंचवटे शोधायला बेडशी तुलना करण्याजोगी विश्वासार्ह सरळपट्टी लागते. बेड ग्राइंडिंगला दिला, तर सॅडल खाली उतरते. मग एप्रन (सॅडलचा पुढे लोंबणारा भाग) लीडस्क्रूच्या (आटे पाडताना सॅडल ओढणाऱ्या लांब स्क्रूच्या) रेषेत राहत नाही, रॅक आणि पिनियनची (सॅडल सरकवणाऱ्या दातेरी पट्टीची आणि चाकाची) जुळणी बिघडते, आणि हेडस्टॉक (चक फिरवणारा भाग) जागच्या जागी असल्याने टेलस्टॉकचे सेंटर खाली जाते. सॅडलचे उतरणे भरून काढायला तिच्याखाली टर्साइटची (कमी घर्षणाच्या प्लास्टिकची) पट्टी चिकटवून ती पुन्हा घासून बसवावी लागते. ज्याने अजून एकही आटा नीट पाडलेला नाही, त्याला एवढ्या कामात ढकलणे अन्यायाचे आहे.

प्रतिसाद १ (पुन्हा)

अवघड आहे म्हणून टाळावे, हे मला मान्य नाही. स्वतः क्रॉस स्लाइड (सॅडलवर आडवा सरकणारा भाग) घासून बसवणारा माणूस मशीनची भूमिती जितकी शिकतो, तितकी मशीन नुसते वापरून कधीच कळत नाही. मात्र सुरुवात बेडऐवजी क्रॉस स्लाइडपासून व्हावी, एवढे मी मान्य करतो, कारण त्यासाठी लहान सरफेस प्लेट (सपाटपणा तपासायची अचूक पाटी) पुरते.

मूळ लेखकाचे उत्तर

सॅडल कलण्याचा मुद्दा मी पूर्ण मान्य करतो; मांडणीत तो यायला हवा होता. पण त्यातूनही बेड घासण्याचा निष्कर्ष लगेच निघत नाही. जॉब बिघडतो तो एकूण झिजेने नव्हे, तर त्या जॉबच्या लांबीत झीज किती बदलते त्याने. झीज 200 मिलिमीटरमध्ये हळूहळू वाढत असेल, तर 30 मिलिमीटर लांबीच्या बुशला (आखूड नळीसारख्या भागाला) तिचा लहानसा हिस्साच लागतो, आणि तेवढा शेवटच्या हलक्या कापात, मोजत मोजत, सांभाळता येतो. लांब शाफ्टला मात्र हे लागू होत नाही. तेव्हा स्पिंडलमध्ये (चक फिरवणाऱ्या दांड्यात) टेस्ट बार (अचूक गोल सळई) बसवून, सॅडलवर सेंटरच्या उंचीला आडव्या दिशेने डायल (सूक्ष्म फरक दाखवणारे मापक) लावून सॅडल चालवावी आणि दर 50 मिलिमीटरला आकडा लिहून ठेवावा. आपण करणार असलेल्या जॉबच्या लांबीत तो आकडा सहनसीमेत बसत असेल, तर बेड तसाच ठेवून सॅडलचे वायपर (बेड पुसत जाणाऱ्या पट्ट्या) बदलावेत, म्हणजे धातूचा कीस खाली शिरून झीज वाढणार नाही; बसत नसेल, तर पहिल्या प्रतिसादकर्त्यांच्या बाजूने मीही उभा राहीन.