मदत हवी आहे: जीपच्या किंगपिन बेअरिंगचा प्रीलोड, काट्यावर आकडा जुळत नाही

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे महिंद्राची जुनी जीप आहे, सीजे-३बी बनावटीची, फोर बाय फोर. वडिलांनी १९९१ साली सेकंडहँड घेतली. जुन्नरजवळ मळा आहे, तिथली सगळी ने-आण तिच्यावरच, आणि महिन्यातून दोन-तीनदा माळशेज उतरून कल्याणला जाणं होतं. वडील आता चालवत नाहीत, पण गाडी विकायची नाही हे घरात ठरलेलं आहे. म्हणून नीट करून घ्यायची आहे.

गेल्या पावसाळ्यापासून त्रास सुरू झाला. पंचेचाळीसच्या पुढे एखाद्या खड्ड्यात पुढचं चाक आदळलं की दोन्ही चाकं थडाथड हलायला लागतात, स्टेअरिंग हातात राहत नाही. गाडी जवळजवळ थांबवावी लागते, तेव्हा कुठे शांत होते. एकदा घाटात मागे ट्रक असताना असं झालं. बायको आणि मुलगी गाडीत होत्या. तेव्हापासून घाटात नेलेली नाही.

इथल्या एका गॅरेजमध्ये दाखवली. मिस्त्रींनी दोन्ही बाजूंच्या किंगपिनच्या (ज्या खुंटीवर पुढचं चाक वळतं ती) वरच्या कॅपखालचं एकेक पॅकिंग (शिम, म्हणजे पातळ पत्र्याची चकती) काढलं आणि कॅप आवळून दिल्या. थरथर पंधरा दिवस थांबली. पण स्टेअरिंग इतकं जड झालं की वळणानंतर आपोआप सरळ येईना, हाताने ओढून आणावं लागे. मग थरथरही परत आली. आता गाडी जडही आहे आणि थरथरतेही. दोन्ही एकाच वेळी कसं, हे मला उमगत नाही.

शेवटी मीच खोललं. चाकं, ब्रेक ड्रम, हब, आत जाणारा अ‍ॅक्सल शाफ्ट, सगळं काढलं. मोठ्या ऑइल सीलच्या रिंगचे आठ बोल्ट काढून सील मागे सरकवलं. टायरॉड (चाकं वळवणारा दांडा) सोडवला आणि प्रीलोड, म्हणजे बेअरिंग आवळून दिलेला दाब, मोजायला टायरॉडचा एंड बसतो त्या भोकात स्प्रिंगचा वजनकाटा अडकवून ओढलं. वडिलांकडे विलिसचं (या जीपची मूळ अमेरिकन कंपनी) जुनं पुस्तक आहे. त्यात सील काढून मोजल्यावर ४ ते ६ पौंड, म्हणजे १.८ ते २.७ किलो ओढ हवी असं दिलंय. मला मिळालं ते असं:

उजवीकडे ०.९ किलो, इकडून तिकडे सगळीकडे सारखंच.
डावीकडे नकल (किंगपिनवर फिरणारा चाकाचा सांधा) सरळ असताना ०.६ किलो, पण थोडं वळवलं की एकदम ४.५ वर जातं आणि हाताला टक-टक लागतं.

प्रश्न दोन. डावीकडचा कुठला आकडा खरा धरायचा? आणि नुसते शिम बदलून भागेल की बेअरिंगच टाकावं लागेल? सुट्टे शिम इथे मिळत नाहीत, म्हणून आधी नक्की काय ते कळलं तर पुण्याला एकच फेरी होईल.

प्रतिसाद १

डावीकडचा एकही आकडा धरू नका. खालचं बेअरिंग काढा, कप (बेअरिंगची बाहेरची रिंग) पुसून उजेडात तिरका धरा. आत रोलरच्या अंतरावर बारीक आडव्या खाचा दिसतील. गाडीचं वजन खालच्या बेअरिंगवर येतं आणि आयुष्यातला बहुतेक वेळ नकल सरळच असतो. रोलर एकाच जागी आपटून आपटून कपात घर करतात. सरळ असताना रोलर खाचेत बसतो म्हणून ढिला, वळवला की खाचेबाहेर चढतो म्हणून जाम. तुमचं जडपण आणि थरथर एकत्र येण्याचं कारण हेच. मिस्त्रींनी पॅकिंग काढलं तेव्हा जाम वाढला, पण सरळ चालताना ढिलाई राहिलीच.

चारही कप-कोन (कोन म्हणजे रोलर असलेली आतली रिंग) नवीन घाला. नुसता कोन बदलून जुना कप ठेवायचा नाही, हे फार जण करतात. नवीन कप पितळी सळईने चारी बाजूंनी थोडा थोडा ठोकून पूर्ण तळाला बसवा. आवाज बदलतो, टण्ण असा येतो, तेव्हा बसला समजा. कप अर्धवट बसला तर आज आलेला आकडा हजार किलोमीटरनंतर राहणार नाही.

आता शिम. मूळ शिम इंचात येतात: ०.००३, ०.००५, ०.०१० आणि ०.०३०, म्हणजे अंदाजे ०.०८, ०.१३, ०.२५ आणि ०.७६ मिलिमीटर. आधी जास्त शिम घालून सैल बसवा, कॅपचे बोल्ट आडवे-तिडवे आवळा, नकल आठ-दहा वेळा पूर्ण डावी-उजवीकडे फिरवा म्हणजे रोलर जागेवर येतील, मग मोजा. एकेक पातळ शिम कमी करत खाली या. शिम कमी म्हणजे दाब जास्त, हे उलट लक्षात राहिलं की घोळ होतो. काटा आर्मला (टायरॉड जिला जोडतो ती नकलची दांडी) काटकोनात धरा, तिरका ओढलात तर आकडा फसवतो.

प्रतिसाद २

माझ्याकडे मारुतीची जिप्सी आहे, तीच कामं करत आलोय. आमच्या पुस्तकात सीलशिवाय १.० ते १.८ किलो दिलंय. गॅरेजमध्ये कुणी हा आकडा तुमच्या जीपला लावायला सांगितला तर ऐकू नका. बेअरिंग वेगळं, आर्मची लांबी वेगळी. लांब आर्मच्या टोकाला तोच दाब कमी किलोत दिसतो.

काटा कुठला वापरलात? पन्नास किलोचा असेल तर अर्ध्या किलोचा फरक त्यावर दिसणारच नाही. भंगारवाल्याकडे असतो तसा हातातला पण पाच-दहा किलोचाच घ्या.

आणि सगळा दोष किंगपिनवर टाकण्याआधी बाकीचं बघून घ्या. चाक वर-खाली धरून हलवा, त्याच वेळी कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगा. ढिलाई गेली तर व्हील बेअरिंग, राहिली तर किंगपिन. तुमच्या गाडीला मध्ये बेलक्रँक (स्टेअरिंगची ओढ टायरॉडना पोचवणारी फिरती पट्टी) आहे, तिची पिन आणि बुश झिजले असतील तर सरळ रस्त्यावरसुद्धा गाडी भटकते. पाट्यांचे बुश, शॅकल, यू-बोल्टही बघा. कॅस्टर (किंगपिनचा मागे झुकाव) ३ अंश हवा. पाटे बदलताना कुणी पाचर उलटी घातली असेल तर बेअरिंग नवीन घालूनही थरथर जात नाही.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. काटा पन्नास किलोचाच होता, दहाचा आणला.

खालचा डावा कप काढून दारात उन्हात धरला. अगदी तुम्ही म्हणालात तसंच, नखाने चाचपलं तरी अडकतं. उजवा कप चकचकीत होता, तरी चारही बदलले. वरचे डावे शिम तर दुमडलेले निघाले, कॅपखाली एक कोपरा चुरगळून बसला होता.

बेलक्रँकची पिनही झिजलेली होती, तीही बदलली. हे आधी पाहिलं नव्हतं, नाहीतर पुन्हा सगळं उघडावं लागलं असतं.

नवीन बेअरिंगवर पहिल्या फेरीत डावीकडे ३.४ आलं. तिथे ०.००५ चा एक शिम वाढवला तर २.३ झालं. उजवीकडे २.१. आता नकल कुठेही वळवा, काटा एका जागी स्थिर राहतो, टक-टक नाही. सील बसवल्यावर ओढ वाढली, पण ती सीलची म्हणून सोडून दिली. शेवटी टो-इन (पुढची चाकं पुढच्या टोकाला जितकी आत वळलेली असतात ते) दीड मिलिमीटरवर ठेवला, पुस्तकात साधारण १.२ ते २.४ आहे.

काल ओतूरच्या रस्त्याला त्याच खड्ड्यातून पन्नासने मुद्दाम काढली. एक धक्का बसला आणि गाडी सरळ गेली. वळणानंतर स्टेअरिंग हात सैल सोडला की परत येतं. वडील शेजारी बसले होते, म्हणाले, "आता ही पहिल्यासारखी झाली."

प्रतिसाद १

उत्तम. पाचशे किलोमीटरनंतर चाक वर-खाली हलवून एकदा बघा आणि कॅपचे बोल्ट तपासा. नवीन बेअरिंग थोडं बसतंच, ढिलाई जाणवली तर पुन्हा काटा लावून १.८ च्या खाली गेलंय का ते पाहा. टायरॉड एंडच्या स्प्लिट पिन नवीन घातल्यात ना? जुन्याच सरळ करून घातल्या असतील तर घाटात जाण्याआधी बदला.

धागाकर्ता

दोन जुन्याच होत्या. आत्ता जाऊन बदलून आलो, चारही नवीन.